दोन परत, एक ओळ

भोरला मी खोली शोधत होते तेव्हा तीन घरमालकांनी मला आडनावावरून गाव, गावावरून जात आणि वयावरून लग्न, असं सगळं विचारून झालं होतं. चौथ्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते ओट्यावर बसून शेजारणीच्या शिलाई मशीनला तेल देत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मिनिटाला किती शब्द?"

मी टायपिस्ट नाही, इथल्या कॉलेजात गणित शिकवायला आलेय, असं मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोलता किती, म्हणाले. मी म्हटलं, फारसं नाही. "ऱ्हावा मग," असं म्हणून ते पुन्हा तेलाच्या बुधलीकडे वळले. त्या घरात मी सहा वर्षं राहिले.

अख्खं भोर त्यांना तारमास्तर म्हणायचं. आपण मास्तर नव्हतो, मेकॅनिक होतो, हे ते प्रत्येकाला सांगायचे आणि प्रत्येक जण मान डोलावून पुन्हा मास्तरच म्हणायचा. तार खात्यात ते टेलिप्रिंटर दुरुस्त करत. टेलिप्रिंटर म्हणजे तारेने दूरच्या दुसऱ्या यंत्राला जोडलेला टाइपरायटर. इथे अक्षर दाबलं की तिकडे छापलं जातं. वेल्ह्यातल्या पासलीच्या एका भातशेतकऱ्याचा हा मुलगा तारेचे खांब रोवणाऱ्या टोळीत मजूर म्हणून लागला आणि बघून बघून यंत्रं उघडायला शिकला. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक नारळ आणि शाल घेऊन घरी येतात. हे खात्याने मोडीत काढलेला एक टेलिप्रिंटर लिलावात घेऊन आले. पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली तो ठेवलेला असे, वर मावशींनी भरतकाम केलेला रुमाल. मावशी म्हणजे त्यांची बायको. घरी पाहुणा आला की आधी त्याची यंत्राशी ओळख करून दिली जाई, मग मावशींशी.

रोज दुपारी चार वाजता ते यंत्र चालू करत. ते कुठेच जोडलेलं नव्हतं, त्यामुळे आपल्याशीच बोलायचं. आर वाय, आर वाय, आर वाय अशी दोनच अक्षरं ते ओळीमागून ओळ छापत. त्या दोन अक्षरांनी आतल्या सगळ्या पट्ट्या आळीपाळीने हलतात आणि यंत्र गंजत नाही, असं त्यांचं म्हणणं. छापलेले कागद कोपऱ्यावरचा वाणी घेऊन जाई. त्या काळात भोरच्या बाजारात शेंगदाणे घ्या नाहीतर हळद घ्या, पुडीवर आर वाय, आर वाय असायचंच. आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर ही कुठल्या कंपनीची खूण म्हणून कित्येक दिवस चौकशी करत होते.

प्रत्येक ओळीच्या शेवटी, छापणारा गाडा डावीकडे आणायची 'परत' नावाची कळ ते दोनदा दाबत. पहिल्या टिचकीला गाडा निघालेला मी डोळ्यांनी बघत असे, आणि तरी दुसरी टिचकी पडायचीच. पण जो माणूस कडी लावल्यावर ती तीनदा ओढून बघतो, त्याच्या अशा गोष्टींची कारणं शोधत बसायला मला वेळ नव्हता. विक्षिप्तपणाच्या खात्यात मी तीही जमा करून टाकली.

त्यांच्या खिशात कायम एक लोखंडी चिमटा असे. तो ठोकला की गुणगुणायचा. त्याच्या टोकांना दोन पत्र्यांमध्ये बारीक फट होती आणि त्या थरथरत्या फटीतून फिरत्या चाकावरच्या खुणा पाहिल्या की वेग बरोबर आहे की नाही ते कळायचं. हे हत्यार टेलिप्रिंटरच्या मोटारीसाठी होतं. मास्तर त्यातून मामलेदार कचेरीतला पंखा बघत, पिठाच्या गिरणीचं चाक बघत आणि कापूरहोळच्या फाट्यावर उभे असले तर एसटीचं मागचं चाकही बघत. गिरणीवाल्याला त्यांनी भर गर्दीत सांगितलं की तुझी गिरणी मंद चालते. तो त्यांच्याशी दोन महिने बोलला नाही. मग एक दिवस पट्टा तुटला, तेव्हा आपणहून घरी येऊन चहा पिऊन गेला.

आणि आकडे. तारेत आकडा आला की तो पुन्हा वाचून दाखवायचा, असा त्यांच्या कामातला नियम होता आणि तो त्यांनी घरातही लावला होता. मावशी स्वयंपाकघरातून विचारत, भाकरी किती? हे म्हणत, दोन. मावशी म्हणत, दोन, परत दोन. मी बाहेर पडताना सातला येते म्हटलं आणि दुसऱ्यांदा सात म्हटलं नाही, तर ते दारातून हलत नसत. पहिला महिना मी वैतागले. मग एकदा वर्गात फळ्याकडे तोंड करून मी म्हणाले, उत्तर बेचाळीस, परत बेचाळीस. मागे वर्ग हसला आणि मला कळलं की मीही गेले कामातून.

मला त्या दिवसांत हसायला फारसं कारण नव्हतं. पुण्यातल्या एका संस्थेत माझं संशोधनासाठी नाव नोंदलेलं होतं. माझी समीकरणं हाताने सोडवायला एक जन्म पुरला नसता. ती संगणकावरच सुटणार होती. संस्थेत तेव्हा नुकतीच युनिक्सच्या जातीची एक नवी प्रणाली बसवली होती. अनेक माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या टर्मिनलांवर बसून एकाच संगणकाशी काम करू शकत. पण टर्मिनलं मोजून तीन, बसणारे बाराजण आणि मी भोरला. शनिवारी कॉलेज सुटलं की एसटीने जायचं, पोचेपर्यंत तिन्ही जागा भरलेल्या. महिन्यातून तासभर मशीन मिळालं तरी मी नशीब समजायची. शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांचं पत्र आलं. माणूस सज्जन, पण पत्र सरळ होतं. या गतीने काम होणार नाही, महिनाअखेर पुण्यात राहायला या, नाहीतर नोंदणी रद्द करावी लागेल. नोकरी सोडून पुण्यात राहणं मला शक्य नव्हतं. घर माझ्या पगारावर चालायचं. ते पत्र वाचून मी ओट्यावर बसून रडले, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

मास्तरांनी पत्रात काय आहे ते विचारलं. मी सांगितलं. ते सांगताना टर्मिनल म्हणजे काय तेही सांगावं लागलं: संगणकाला तारेने जोडलेलं, अक्षरं पाठवणारं आणि आलेली अक्षरं छापणारं यंत्र. मास्तरांनी पुढच्या खोलीकडे बोट केलं आणि म्हणाले, "त्ये तर हितंच हाय की."

मी त्यांना समजावलं, की तसं नाही. संगणकाला एकाच प्रकारचं टर्मिनल कळतं. त्याची अक्षरं सात खुणांची, यांच्या यंत्राची पाच. त्याला लहान-मोठी लिपी, यांना फक्त मोठी. वेग वेगळा, वीज वेगळी. म्हणजे कुणीतरी मध्ये बसून या यंत्राला त्या टर्मिनलचं सोंग द्यायला हवं, असं मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता पत्राची पाठ उलटून पेन शोधायला लागले, कारण ते सोंग देणारा प्रोग्रॅम मला लिहिता येण्यासारखा होता.

सरांना कळवलं, तेव्हा त्यांनी चाचणी होईपर्यंत मुदत वाढवून दिली, आणि खुणांचा तक्ता मी लिहायला घेतला. दोन्हीकडची वीज जुळवणारी पेटी संस्थेतल्या एका तरुण इंजिनिअरने बनवून दिली. उत्साहाने नाही, सरांनी सांगितलं म्हणून. हे मोडीतलं लोखंड चाललं तर मी मिशी काढीन, असं तो म्हणाला. त्याला मिशी नव्हती, तेव्हा पैज फारशी धोक्याची नव्हती. पुण्यापर्यंतच्या तारेचा प्रश्न मास्तरांनी सोडवला. खात्याला त्यांनी अर्ज केला तो तारेसारखा, चौदा शब्दांत. तीस वर्षांत त्यांनी खात्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणूनही असेल, मंजुरी आली. भोरच्या तार ऑफिसातून, काम बंद असताना, तीन रविवार, दोन ते पाच.

दर रविवारी यंत्र ऑफिसात न्यायला आणि संध्याकाळी घरी आणायला हातगाडी केली. मास्तर इस्त्रीचा खाकी कोट घालून गाडीच्या पुढे चालले. डेपोतून बाहेर पडणारी एसटी त्यांनी हात करून थांबवली. मागून मावशी, त्यांच्या मागे डबा घेऊन मी. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, कुणाचं लगीन हाय? मास्तरांनी त्याला वळून उत्तर दिलं नाही, पण पुढच्या गल्लीपर्यंत ते गालात हसत होते.

पहिल्या रविवारी मी 'डेट' हा शब्द टाइप केला, म्हणजे संगणकाने आजची तारीख सांगावी. कागदावर प्रत्येक अक्षर दोनदा उमटलं. डी डी, ए ए, टी टी, ई ई. खाली तारीख आली, ती मात्र एकदाच. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, पण मास्तरांचा चेहरा असा उजळला होता की मला बोलवेना. तिकडचं यंत्र आपण धाडलेलं वाचून दाखवतंय, असं ते मावशींना सांगत होते. शिस्तीचं हाय, म्हणाले. मला दोष सापडला होता: आमचं यंत्र दाबलेलं अक्षर स्वतः छापतं आणि संगणक तेच अक्षर पोच म्हणून परत पाठवतो, तेही छापतं. एक छापणं बंद करायला हवं. संगणकाचं बंद करायचं म्हटल्यावर मास्तर आडवे आले. पोच कशी बंद करता, म्हणाले, मग पोचलं हे कळंल कसं? त्यांनी विचार केला आणि यंत्राचं स्वतःचं छापणंच तोडून टाकलं. दहा मिनिटांचं काम. "आता कागदावर जे दिसंल ते पुण्यावरनं आल्यालं आसंल," ते म्हणाले. संगणकाची पुस्तकं वाचणाऱ्या मला जे वळसा घालून समजलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

दुसऱ्या रविवारी सगळं बिघडलं. मी टाइप केलेलं नीट उमटत होतं, पण संगणकाकडून माझ्या समीकरणांच्या उत्तरांचा तक्ता यायला लागला की प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर भलतीकडेच पडायचं. कधी कागदाच्या मध्यावर, कधी उजवीकडे, आधीच्या ओळीच्या खाली फरपटल्यासारखं. आकड्यांच्या तक्त्यात पहिला आकडा हरवला तर तो तक्ता फेकायच्याच लायकीचा. ऑफिसातल्या फोनवरून पुण्याला ट्रंककॉल लावला. इंजिनिअर म्हणाला, स्प्रिंग गेलीय तुमच्या म्युझियममधल्या यंत्राची, सोडून द्या. मग सर फोनवर आले. त्यांचा आवाज खरोखर वाईट वाटल्याचा होता. पुढच्या रविवारनंतर पेटी काढून घ्यावी लागेल, म्हणाले, आणि तुम्ही पुण्यात यायचं काय ते ठरवा.

फोनवरचं मी मास्तरांना सगळं सांगितलं नाही, पण स्प्रिंगचं सांगितलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. सोमवारी त्यांनी यंत्र उघडलं, मंगळवारी पुन्हा उघडलं. स्प्रिंग नव्यासारखी होती. चिमट्यातून पाहिलं तर मोटारीचा वेग बरोबर. चार वाजता यंत्राचं तोडलेलं छापणं तात्पुरतं जोडून त्यांनी आर वाय छापलं आणि एक अक्षर जागचं हललं नाही. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यास्नी कुनी लबाड म्हनलं आसतं तरी येवढं लागलं नसतं."

बुधवारी मी कॉलेजातून आले तेव्हा ते यंत्रासमोर नुसते बसले होते. घरचं कसं भागेल ते न ठरवताच मी कॉलेजच्या राजीनाम्याचा कच्चा मसुदा पर्समध्ये घेऊन फिरत होते. त्यांनी विचारलं, "बाई, वळीच्या शेवटाला तुमचा प्रोग्रॅम काय धाडतो?"

"एक परत आणि एक नवी ओळ."

"परत येकच?"

"एकच. तिकडच्या टर्मिनलना तेवढंच लागतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चप्पल घालून स्वयंपाकघरात शिरले होते. "दोन," ते म्हणाले. "दोन परत, येक वळ. ह्ये कुनी सांगितलं न्हाई तुमास्नी?"

"तुम्हीच नाही सांगितलं."

"ह्ये सांगायचं आसतं व्हय?"

मी त्यांच्या समोर खाली बसले. तार खात्यात पहिल्या दिवशी जी गोष्ट शिकवतात, ती जगात कुणाला माहीत नसेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि मी, गणित शिकवणारी, दोन वर्षं रोज चार वाजता ती दुसरी टिचकी ऐकत होते आणि म्हाताऱ्याचं वेड म्हणून हसत होते. त्या क्षणी मला माझी फार शरम वाटली. ती मी बोलून दाखवली. त्यांचं लक्षच नव्हतं. ते दोन्ही हातांनी मला नांगर दाखवत होते.

"पासलीला आमच्या खाचरात," ते म्हणाले, "बैल बांदाला गेला की वळाया येळ घेतो. तवर नांगऱ्या गप ऱ्हातो. पयला परत गाड्यासाठी. दुसरा नुसता येळ काडाया. तुमचं मशीन बैल वळायच्या आदीच नांगर दाबतंय."

शनिवारी मी पुण्याला गेले आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये एकच बदल केला. जिथे एक परत होता तिथे दोन. इंजिनिअर माझ्या खांद्यावरून बघत होता. तो म्हणाला, एवढंच? मी म्हटलं, एवढंच, आणि शेवटच्या गाडीने कापूरहोळला उतरून टेम्पोत मागे बसून भोरला आले.

तिसऱ्या रविवारी दोन वाजता मी माझा सगळ्यात मोठा तक्ता मागवला. यंत्र धडधडायला लागलं. पहिली ओळ उजव्या टोकाला गेली, गाडा निघाला, डाव्या कडेला पोचला, आणि मग आकडा पडला. जागेवर. दुसरी ओळ. जागेवर. मास्तर कागदाकडे बघतच नव्हते. टेबलावर हात ठेवून, डोळे मिटून ते ऐकत होते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांची मान किंचित हलत होती. चाळीस ओळी झाल्या तरी एक अक्षर चुकलं नाही. मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांना तक्त्यातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

मग मी संगणकाला विचारलं, आत्ता तुझ्यावर कोण कोण काम करतंय? त्या प्रणालीत तशी सोय होती. चार नावांची यादी आली. तीन नावांपुढे पुण्यातल्या टर्मिनलांचे क्रमांक होते. चौथं माझं, आणि त्यापुढे चार इंग्रजी अक्षरं: भोर. ते नाव मीच प्रोग्रॅममध्ये दिलेलं होतं, तरी कागदावर उमटलेलं मी ते दोनदा वाचलं. मास्तरांनी आपल्या तेलकट बोटाने ती ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत घासली. कागद काळा झाला.

साडेतीनच्या सुमारास यंत्र आपणहून चालू झालं. सर पुण्यातून मजकूर पाठवत होते. तक्ता नीट उतरल्याचं मी कळवलं होतं आणि त्यांनी तो तिकडे पाहिला होता. तुमची नोंदणी राहील, असं त्यांनी लिहिलं होतं. भोरमध्येच राहून काम करा, रविवारची तार कायम मिळावी म्हणून मी खात्याला लिहितो. खाली आणखी एक ओळ होती: दोन परतांचं कुणाला सुचलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. मी ते मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं. मास्तर म्हणाले की सुचलं बिचलं नाही, असतंच ते. पण कोटाचं वरचं बटण त्यांनी लावून घेतलं.

चार वाजून गेल्यावर आणखी एक मजकूर आला, हा इंजिनिअरचा. इथे दोघेजण ताटकळले आहेत, चार जण बसल्याने मशीन धिमं चालतंय, तुमची चाचणी झाली असेल तर उतरता का? माझी बोटं मशीनवरून उतरायच्या, म्हणजे निरोपाच्या, आज्ञेकडे आपोआप गेली. पुण्याच्या त्या खोलीत मी कायम तेच करत आले होते. कुणी घाईत दिसलं की मी उठायची, ते म्हणायच्या आतच.

मास्तरांनी कळांवर आपला पंजा आडवा धरला. काय लिहिलंय म्हणाले. मी सांगितलं.

"तुमचं काम झालं?"

"नाही. दोन तक्ते राहिलेत."

"मग बसा की. पाचपतुर तार आपली हाय."

मी पुण्याला कळवलं की भोरचं काम चालू आहे, पाच वाजता उतरेन. आणि पुढचा तक्ता मागवला.